जें बसतें, तें जुळतें काय ?
संगणकाच्या वीजपुरवठ्याची कथा

आज मी जो विषय आपल्यापुढें मांडणार आहे, तो ऐकून पुष्कळांस वाटेल कीं, हा तर दुरुस्तीच्या दुकानांतला विषय. इतिहासाशीं याचा संबंध काय? संगणकाच्या पेटींत मागच्या बाजूस, पंखा बसविलेला एक पत्र्याचा डबा असतो. भिंतींतून येणारी वीज घेऊन ती संगणकाच्या नाजुक अवयवांना सोसेल अशी करून देणें, हें त्याचें काम. त्यास पॉवर सप्लाय म्हणतात. आपल्याकडील दुरुस्तीवाले त्याला एस.एम.पी.एस. या चार अक्षरांनींच ओळखतात. एखाद्या कंपनीनें केवळ आपल्याच यंत्रासाठीं बनविलेला असा डबा सर्वसामान्य धाटणीच्या मदरबोर्डास जोडतां येईल काय, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेल्यास गेल्या पन्नास वर्षांचा एक इतिहास आपोआप उलगडत जातो.

मी विद्युत्शास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलों आणि तेथेंच केस पिकले. या विषयाशीं माझी गांठ पडली ती माझ्याच हातून घडलेल्या एका अपराधामुळें. तो प्रथम सांगतों.

इ. स. १९९६ सालीं आमच्या शाळेनें पालकांकडून वर्गणी जमवून एक संगणक घेतला. वर्गणी देणाऱ्यांत मोलमजुरी करणारीं माणसेंहि होतीं. तें यंत्र कोणा एका कंपनीचें नव्हतें. सुटे भाग आणून जुळविलेलें होतें. विज्ञान मी शिकवीत असें, म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टींत आंतील धूळ झाडावी या हेतूनें मीं पेटी उघडली, मदरबोर्डावर शेजारीं शेजारीं बसविलेले सहा-सहा तारांचे दोन कनेक्टर काढले, ब्रशानें धूळ झाडली आणि ते पुन्हा बसविले. ते अगदीं सहज बसले. कळ दाबली मात्र, आंतून बारीक आवाज आला, जळका वास सुटला, आणि यंत्र बंद पडलें तें कायमचेंच. मुख्याध्यापक म्हणाले, “विजेचा दाब एकदम वाढला असावा.” त्या गांवीं विजेचा भरंवसा नव्हता, त्यामुळें सर्वांना तें पटलें, मलाहि पटलें. पुढें वर्षभर मीं मुलांना संगणक फळ्यावर चित्र काढून शिकविला.

सात-आठ वर्षांनीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावरील एका दुकानांत तो दुरुस्तीचें काम शिकला होता. बोलतां बोलतां तो म्हणाला, “गुरुजी, त्या जुन्या यंत्रांच्या दोन कनेक्टरांचा एकच नियम : काळ्या तारा काळ्या तारांशेजारीं आल्या पाहिजेत.” मी एकदम गप्प झालों. त्या दिवशीं मीं बसविलेल्या कनेक्टरांच्या काळ्या तारा दोन टोकांस होत्या, हें मला स्पष्ट आठवलें. विजेचा कांहीं दोष नव्हता. दोष माझ्या हाताचा होता. पण मग दुसरा प्रश्न मनांत उभा राहिला : चुकीच्या जागीं जी वस्तु सहज बसते, तिचाहि त्यांत कांहीं दोष नाहीं काय ? आजचें भाषण हें त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. भिंतींतील वीज आपल्या देशांत २३० व्होल्ट दाबाची असते व ती सेकंदास शंभर वेळां दिशा बदलते. संगणकाच्या मंडलांना मात्र एकाच दिशेनें वाहणारी, पांच किंवा बारा व्होल्टांची स्थिर वीज लागते. हा पालट करण्याची जुनी रीत अशी कीं, लोखंडी गाभ्याचा एक जड ट्रान्सफॉर्मर घ्यावयाचा, दाब उतरवावयाचा, आणि जो जादा उरेल तो उष्णतेच्या रूपानें जाळून टाकावयाचा. इ. स. १९७५ च्या जानेवारींत अमेरिकेंत ज्या ‘ऑल्टेअर ८८००’ नामक संगणकाची जाहिरात होऊन हौशी लोकांत एकच खळबळ उडाली, त्यांत हीच रीत होती. मुख्य डब्यांतून सुमारें आठ व्होल्टांची ओबडधोबड वीज निघे, आणि यंत्रांतील प्रत्येक पाटी आपल्यापुरती ती पांच व्होल्टांवर आणून घेई.

दुसरी रीत चतुराईची आहे. वीज सेकंदास हजारों वेळां चालू-बंद करावयाची. असें केल्यानें ट्रान्सफॉर्मर मुठींत मावेल एवढा लहान चालतो आणि उष्णता थोडी निघते. ही रीत अवकाशयानें व मोठीं यंत्रें यांत आधींपासून होती, तथापि इ. स. १९७७ मध्यें निघालेल्या ‘ॲपल २’ या घरगुती संगणकासाठीं रॉड होल्ट या अभियंत्यानें असाच पुरवठा रचला, व त्यामुळें तें यंत्र पंख्यावांचून चालूं शकलें. एस.एम.पी.एस. हीं अक्षरें याच रीतीचीं आहेत. आज आपल्या घरांतील भ्रमणध्वनीचा चार्जरहि याच जातीचा असतो.

इ. स. १९८१ च्या ऑगस्टांत आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीनें आपला ‘पी.सी.’ बाजारांत आणला. त्याचा पुरवठा होता अवघा साडे-त्रेसष्ट वॉटांचा. तीन वर्षांनीं, १९८४ सालीं, त्याच कंपनीचा ‘ए.टी.’ आला, त्याचा पुरवठा १९२ वॉटांचा होता. आय.बी.एम.नें या यंत्रांच्या आंतील आकृत्या पुस्तकरूपानें छापून प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांवरून व प्रत्यक्ष यंत्रें पाहून इतर कारखानदारांनीं, आणि पुढें तैवानमधील शेंकडों लहानमोठ्या कारखान्यांनीं, तशींच यंत्रें बनविण्यास आरंभ केला. पेटी तेवढीच, भोकें तेथेंच, तारा त्याच. कोणत्याहि सरकारानें कायदा केला नाहीं, कोणत्याहि परिषदेनें ठराव केला नाहीं; केवळ अनुकरणानें एक प्रमाण रूढ झालें. १९८७ मध्यें आय.बी.एम.नें ‘पी.एस./२’ या नांवानें आंतून निराळीं यंत्रें काढून हा प्रवाह पुन्हा आपल्या कुंपणांत वळविण्याचा प्रयत्न केला, परंतु जग तिच्या मागून गेलें नाहीं. एकदां रूढ झालेलें प्रमाण तें निर्माण करणाऱ्याच्याहि हातीं राहत नाहीं, हें यावरून दिसून येतें.

या रूढ प्रमाणांत एक व्यंग मात्र राहून गेलें. मदरबोर्डास वीज देणारे दोन कनेक्टर होते, त्यांस ‘पी ८’ व ‘पी ९’ म्हणत. प्रत्येकांत सहा तारा, आकार सारखाच. दोहोंची अदलाबदल झाली तर, जेथें काळी म्हणजे शून्य दाबाची तार यावयाची तेथें पांच व्होल्ट येत, आणि जेथें पांच व्होल्ट यावयाचे तेथें काळी तार येई. मदरबोर्डांतून वीज उलटी वाहूं लागे व त्याचा ग्रंथ आटोपे. आमच्या शाळेंत जें घडलें तें हेंच.

हें व्यंग दूर होण्यास कारण घडलें तें निराळेंच. संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, तो आरंभीं पांच व्होल्टांवर चाले. १९९३ मधील पहिला ‘पेंटियम’ पांच व्होल्टांचा होता. पुढच्याच वर्षीं आलेला पेंटियम ३·३ व्होल्टांवर आला. दाब कमी केला म्हणजे उष्णता कमी होते, म्हणून ही उतरण अपरिहार्य होती. परंतु जुन्या पुरवठ्यांत ३·३ व्होल्टांची तारच नव्हती. तेव्हां १९९५ च्या जुलै महिन्यांत इंटेल कंपनीनें ‘ए.टी.एक्स.’ नांवाचें नवें प्रमाण तयार करून सर्वांसाठीं खुलें प्रसिद्ध केलें. दोन कनेक्टरांच्या जागीं वीस तारांचा एकच कनेक्टर आला, आणि तो एकाच बाजूनें बसे. उलट बसविण्याची सोयच उरली नाहीं !

या वीस तारांत तीन नव्या गोष्टी होत्या. नारिंगी तारांतून ३·३ व्होल्ट मिळूं लागले. जांभळ्या तारेंत, यंत्र बंद असतांहि, पांच व्होल्टांची थोडी वीज सदैव जागी राहूं लागली. आणि हिरवी तार ही हुकमाची तार ठरली : ती काळ्या तारेस टेकली कीं पुरवठा सुरू व्हावयाचा, सुटली कीं बंद व्हावयाचा. जुन्या पेटींत भिंतींतली २३० व्होल्टांची वीज थेट पुढच्या कळेपर्यंत येत असे. आतां कळ केवळ निरोप देऊं लागली. पुरवठा स्थिर झाल्याची ग्वाही देणारी एक तार पूर्वींपासून होती, ती करड्या रंगाची होऊन कायम राहिली. ही ग्वाही मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरू करीत नाहीं.

येथपर्यंतची कथा सुधारणेची झाली. आतां अपवादाची ऐका. १९९८ च्या सुमारापासून कांहीं वर्षें अमेरिकेंतील डेल कंपनीनें आपल्या अनेक यंत्रांत कनेक्टर वापरला तो हाच वीस तारांचा. आकार तोच, खिट्टी तीच. परंतु आंतील तारांचा क्रम बदललेला होता, आणि ३·३ व्होल्टांच्या तारा वेगळ्या काढून सहा तारांच्या दुसऱ्या कनेक्टरांत नेल्या होत्या. अशा यंत्राचा पुरवठा जळाला म्हणून कोणी बाजारांतून साधा ए.टी.एक्स. पुरवठा आणून बसविला, तर तो विनासायास बसे. पण हिरव्या तारेसमोर मदरबोर्डाची शून्य दाबाची जागा येई. त्यामुळें कळ न दाबतांच, भिंतींतील बटन लावतांक्षणीं पुरवठा सुरू होई. त्याच क्षणीं बारा व्होल्टांची व इतर कांहीं तारा थेट शून्यास भिडत. उलट त्या कंपनीचा पुरवठा साध्या मदरबोर्डास जोडला तरी अनर्थ तोच.

स्वतःची वेगळी मांडणी करणारी ही एकच कंपनी होती असें नव्हे. २००० ते २००४ या काळांत ॲपल कंपनीनें पडद्यासाठीं असा एक कनेक्टर वापरला, कीं ज्या एकाच केबलीमधून चित्र आणि पडद्याची वीज दोन्हीं जात. त्याकरितां त्यांच्या कांहीं यंत्रांच्या पुरवठ्यांत साध्या ए.टी.एक्स.मध्यें नसणारा एक दाब ठेवावा लागला. येथें वेगळेपणास कारण होतें. लहान पेटी, कमी आवाज, विजेची बचत हींहि न्याय्य कारणें असूं शकतात. माझें म्हणणें एवढेंच कीं, मांडणी निराळी असेल तर आकारहि निराळा असावा. पूर्वीं बार्शी लाईट रेल्वेनें पंढरपुरास जाणारे वारकरी कुर्डुवाडीस मोठ्या गाडींतून उतरून अडीच फुटी रुळांवरच्या लहान गाडींत बसत. गैरसोय होती खरी. पण रूळच अरुंद असल्यामुळें मोठी गाडी चुकून त्यांवर जाण्याचा धोका नव्हता. सारख्या दिसणाऱ्या कनेक्टरांत फसगत आहे ती हीच : रूळ तेवढेच रुंद, पण पुढें पूल नाहीं.

मग असा पुरवठा साध्या मदरबोर्डास जोडतां येतो कीं नाहीं ? येतो, पण रीतीनें. गेल्या वर्षीं माझ्या त्याच विद्यार्थ्यानें एका कचेरींतून निकामी म्हणून काढलेलें जुनें यंत्र आणलें. मदरबोर्ड मेलेला, पुरवठा धडधाकट, मात्र तारांची मांडणी त्या कंपनीची स्वतःची. एक साधा मदरबोर्ड त्याजवळ होता, आणि दोन्हीं जुळवून आमच्या वाचनालयास द्यावयाचें त्याच्या मनांत होतें. तें काम मीं शेजारीं बसून पाहिलें.

प्रथम त्यानें डब्यामागील लाल बटन तपासलें. जुन्या पुरवठ्यांवर अमेरिकेच्या ११५ व आपल्या २३० व्होल्टांसाठीं असें निवडीचें बटन असे. तें ११५ वर राहिलें तर आपल्याकडे डबा पहिल्याच क्षणीं फुटावयाचा. डबा उघडण्याचें नांव त्यानें काढलें नाहीं. आंतील कपॅसिटरांवर सव्वातीनशें व्होल्टांच्या आसपास दाब साठतो व वीज तोडल्यावरहि तो कांहीं काळ राहूं शकतो; तेथें हात घालणें हा जिवाशीं खेळ आहे.

रंगांवर विश्वास ठेवावयाचा नाहीं, हा त्याचा दुसरा नियम. जुन्या ए.टी.मध्यें नारिंगी तार ग्वाहीची होती, ए.टी.एक्स.मध्यें तोच रंग ३·३ व्होल्टांचा झाला. मग परक्या मांडणींत रंगाचा काय भरंवसा? म्हणून त्यानें मीटर घेतला. वीज जोडण्यापूर्वीं डब्याच्या पत्र्याशीं एकरूप असलेल्या तारा शोधल्या, त्या शून्याच्या. मग वीज जोडली, पण पुरवठा सुरू केला नाहीं. या स्थितींत दोनच तारांवर दाब दिसला. एक सदैव जागी असणारी, दुसरी हुकमाची. रोधकामधून शून्यास जोडतांच जिचा दाब कोसळला आणि पंखा फिरूं लागला, ती हुकमाची. जिचा ढळला नाहीं ती जागी असणारी. पुरवठ्यावर थोडा तरी भार असावा म्हणून एक जुनी हार्ड डिस्क त्यानें आधींच जोडून ठेवली होती, कारण कांहीं जुने पुरवठे रिकामे चालविल्यास दाब नीट राखीत नाहींत. मग एकेक तार मोजून कागदावर दोन रकाने आंखले : डावीकडे पुरवठ्याची तार, उजवीकडे ए.टी.एक्स.ची जागा. इतर तारांमागून क्षणभरानें जी जागी झाली, ती ग्वाहीची. एका ठिकाणीं जाड तारेसोबत एक बारीक तार त्याच पिनेंत शिरलेली होती. मदरबोर्डाजवळ दाब प्रत्यक्ष किती पोंचतो हें पुरवठ्यास कळविणारी ती तार. “ही तोडली तर पुरवठा आंधळा होतो,” असें सांगून त्यानें ती जाड तारेसोबतच ठेवली.

मग जुन्या मदरबोर्डावरील कनेक्टर उतरवून त्यानें मधली एक लहान केबल बनविली, म्हणजे मूळ पुरवठ्यास कात्री लागली नाहीं. जितक्या तारा एका दाबाच्या होत्या तितक्या सर्व त्यानें पुढें नेल्या. चार तारांचें ओझें एकीवर टाकलें तर ती तापते व पिन जळते. सर्व डाग देऊन झाल्यावर, मदरबोर्ड न जोडतां, केबलीचें नवें टोक पुन्हा पिनेमागून पिन मोजलें. तीन वेळां मोजलें. वाटेंत त्यानें मला हेंहि सांगितलें कीं, ३·३ व्होल्टांची तारच नसेल, जागी राहणारी वीज नव्या मदरबोर्डास पुरत नसेल, किंवा प्रोसेसरला लागणारे बारा व्होल्ट पुरेशा जोमानें मिळत नसतील, तर हा उद्योग सोडून सरळ नवा पुरवठा घ्यावा. जोडतां येतें म्हणून जोडावेंच असें नाहीं.

शेवटीं तो म्हणाला, “गुरुजी, कळ तुम्ही दाबा.” खरें सांगतों, माझा हात थबकला. तो १९९६ सालचा जळका वास मला आठवला. मग दाबली. पंखा फिरला, पडदा उजळला. तें यंत्र आज आमच्या वाचनालयांत आहे.

आतां पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. २००० सालीं बारा व्होल्टांसाठीं चार तारांचा वेगळा कनेक्टर आला, कारण नव्या प्रोसेसरांची भूक वाढली. २००३ मध्यें वीस तारांच्या चोवीस झाल्या. पण या वेळीं मूळ वीस तारांचा क्रम मोडला नाहीं, चार तारा टोकास वाढविल्या. म्हणून अनेक पुरवठ्यांत वीस व चार असे सुटे होणारे भाग आढळतात. जुन्यास न दुखवितां नवें कसें आणावें, याचा हा चांगला धडा आहे. दरम्यान अनेक मोठ्या कंपन्यांनीं आपल्या यंत्रांत केवळ बारा व्होल्ट देणारे पुरवठे वापरण्यास प्रारंभ केला. पांच आणि ३·३ व्होल्ट मदरबोर्डावरच तयार व्हावयाचे. यानें वीज वांचते. मौज अशी कीं, २०२० च्या सुमारास इंटेलनें हीच कल्पना दहा तारांच्या कनेक्टरासह सर्वांसाठीं नवें प्रमाण म्हणून पुढें मांडली. काल जी एकेका घरची खाजगी चाल होती, ती आज सार्वजनिक रस्ता होऊं पाहत आहे. आणि मौज दुसरी अशी कीं, प्रत्येक पाटीनें आपला दाब आपण बनवून घ्यावा, हें तर ऑल्टेअरनें १९७५ सालींच केलें होतें !

श्रोतेहो, इ. स. १८४१ मध्यें जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानें लंडन येथें एक निबंध वाचला. प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचे आटे निराळे होते. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. सर्वांनीं आटे एकाच मापाचे ठेवावे, असें त्यानें सुचविलें, आणि हळूहळू इंग्लंडनें तें मानलें. त्या काळीं अडचण होती ती न बसण्याची. आमच्या काळांत अडचण उभी राहिली ती बसूनहि न जुळण्याची, आणि ही अधिक घातक; कारण न बसणारी वस्तु आपणांस थांबविते, बसणारी वस्तु फसविते.

कनेक्टराचा आकार हें एक वचन असतें. बनविणारा व वापरणारा एकमेकांस कधीं भेटत नाहींत. त्यांच्यामध्यें हा आकारच काय तो बोलतो. “मी येथें बसतों, म्हणजे मी येथलाच आहें,” असें तो म्हणतो. ज्या अभियंत्यांनीं हें वचन पाळलें, त्यांच्यामुळें खेड्यांतील मास्तरालाहि निर्धास्तपणें यंत्र उघडतां येतें, एक भाग बिघडला म्हणून सारें यंत्र भंगारांत द्यावें लागत नाहीं, आणि वर्गणीचे पैसे वायां जात नाहींत. जेथें तें मोडलें, तेथें मीटर, कागद आणि धीर यांवांचून उपाय नाहीं.

माझ्या अपराधाची कबुली मीं निवृत्त होण्यापूर्वीं शिक्षकांच्या बैठकींत दिली. तेव्हां कोणीं विचारलें नाहीं, पण आपणांस सांगतों : दोष निम्मा त्या कनेक्टराचा असेलहि, परंतु काढण्यापूर्वीं तारा कशा होत्या हें कागदावर टिपून ठेवावें, एवढें मुलांना शिकविणाऱ्या माणसास सुचावयास हवें होतें. तो निम्मा दोष माझाच. आपल्या घरीं कोणी तरुण हातांत स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटी उघडीत असेल, तर त्यास अडवूं नका. त्याच्या हातीं आधीं पेन्सिल व कागद मात्र द्या.